मागचा माणूस

१

दुपारचा चहा महानंदाबाईंनी करायचा आणि त्यांची पाठ वळली की चन्नवीर सरांनी त्यात चमचाभर साखर चोरून घालायची, हा त्या घरातला रोजचा कार्यक्रम. चोरी तशी उघडच होती. महानंदाबाई डबा मुद्दाम हाताशी ठेवायच्या आणि त्यात साखर मुद्दाम कमी भरायच्या.

सर सोलापूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. प्रकाश हा त्यांचा विषय. सावलीच्या कडेशी प्रकाश कसा वाकतो यावर त्यांची पीएचडी. निवृत्तीनंतर दोघं सांगोल्याच्या पलीकडे, महानंदाबाईंच्या माहेरच्या रानात येऊन राहिली. डाळिंबाची बाग, विहीर आणि बागेला लागून बैठं घर. पुढं पडवी, मधे झोपायची खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याचं रानात उघडणारं दार. सरांना शेतीतलं काही कळत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सरांना ते गावाच्याही आधी कळलं होतं.

स्वभाव घाबरट. गॅस बंद केलाय का हे बघायला एकदा ते टेंभुर्णीच्या स्टँडवरून माघारी आले होते. गॅस बंदच होता.

"मग झालं की," महानंदाबाई म्हणाल्या होत्या.

"पण तो मीच बंद केला होता का?" सर म्हणाले होते.

शेजारच्या रानातला मौलाली शेख हा किस्सा अजून सांगतो. सरांच्या देखत सांगतो आणि वर म्हणतो, "सर, तुमी हायसा म्हणून वैनींना रेडिओ लागत न्हाय."

२

पलीकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा सर खूश होते. वाऱ्यापासून वीज! पण चक्कीची पाती माळावर न्यायची तर ट्रेलर लांबलचक, आणि गावाजवळचं रस्त्याचं वळण आखूड. एक दिवस सर पडवीत पेपर वाचत असताना कंपनीच्या माणसांनी कुणाला न विचारता रस्त्याकडचा बांध फोडला. मग घराच्या मागनं बाग तुडवत पलीकडचा बांध फोडला आणि माळाकडे वाट काढली. डाळिंबाची एक ओळ आडवी झाली. ठिबकच्या नळ्या चिरडल्या. विहिरीची पाइपलाइन फुटून पाणी दिवसभर वाहिलं. महानंदाबाईंच्या आप्पांनी लावलेल्या लिंबाची मोठी फांदी ट्रेलरला अडते म्हणून तोडून टाकली.

कंपनीचा सुपरवायझर शिवराज गोड बोलायचा. "सर, टेंपररी आहे. काम संपलं की जेसीबी पाठवून सगळं होतं तसं करून देतो."

सरांनी कंपनीला अर्ज केला, तहसीलला केला, चौकीला केला. भाषा इतकी शुद्ध की वाचणारा आधी उभा राहायचा आणि मग अर्ज बाजूला ठेवायचा.

"अर्जानं ट्रेलर थांबतोय व्हय?" मौलाली म्हणाला. "आन् ध्यानात ठेवा सर, जायला दिलं की वहिवाट पडती. एकदा वाट पडली की मोडत न्हाय."

वहिवाट हा शब्द सरांच्या डोक्यात घर करून बसला.

महानंदाबाईंचं तंत्र वेगळं होतं. दुपारी पातं जायला लागलं की मधल्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीवर अंधारून यायचं, फडताळातली भांडी किणकिणायची, आणि हे बराच वेळ चालायचं, कारण पात्याचं पुढचं टोक बांधापाशी पोचलं तरी मागचं अजून रस्त्यावरच असायचं. शेवटी ते निमुळतं टोक जायचं आणि त्याच्याही मागून लाल फडकं घेतलेला एक माणूस चालत यायचा. पातं कुठं घासत नाही ना बघायचं आणि सगळं पार झालं की फडकं वर करायचं, एवढंच त्याचं काम. महानंदाबाई त्याला मागचा म्हणायच्या. मग कळलं की तो ईरप्पा, इंडीकडचा. तेव्हापासून त्या मागच्या दारात तांब्या घेऊन उभ्या राहू लागल्या.

"नीर कुडी, तम्मा," त्या म्हणायच्या. त्यांचं आजोळ अक्कलकोटचं. कानडी बोलायला माणूस मिळाला की त्यांचा चेहरा खुलायचा. ईरप्पा तांब्याला हात लावायचा नाही. फडकं त्यांच्या हातात द्यायचा, वाकून ओंजळ धरायचा, आणि त्या वरून धार धरायच्या. पिऊन झालं की तोंड पुसून फडकं परत घ्यायचा आणि ट्रेलरमागं पळायचा.

"आपला बांध फोडणाऱ्यांना पाणी पाजतेस!" सर चिडायचे.

"बांध त्यानं फोडला का? तो बिचारा सगळ्यांच्या मागं. मागच्याला कोण विचारतं?"

३

शेवटचं पातं गेलं त्या दिवशी महानंदाबाईंना ताप होता. त्या मधल्या खोलीत पडून होत्या. शिवराजनं सकाळीच फोन करून सांगितलं होतं, "सर, आजचं शेवटचं."

सर सकाळपासून तयारीला लागले. रस्त्याकडचा बांध मौलालीनं दुसऱ्या दिवशी भरून देतो म्हटलं होतं. माळाकडच्या खिंडारात लावायला सरांनी बाभळीच्या काटेरी फांद्यांची शिरी स्वतः बांधली, स्वतः ओरबाडून घेतलं. दुपारी ट्रेलर आला. खिडकी अंधारली, भांडी वाजली. सर माळाकडच्या खिंडारापाशी जाऊन उभे राहिले. पात्याचं टोक बांधाबाहेर पडलं आणि त्यांनी शिरी ओढली. वर दगड ठेवले. संपली वहिवाट.

घरात आले तेव्हा महानंदाबाईंनी डोळे उघडले.

"मागचा गेला?"

"गेला गेला."

"बघितला का? आप्पा म्हणायचे, शेवटचं जनावर बघितल्याशिवाय शिरी लावू नये."

"अगं, जनावरं आहेत का ती? गेला म्हणतो ना."

सरांनी बघितलं नव्हतं. पण ज्याला गॅसबद्दल इतकी शंका यायची त्याला ह्याबद्दल त्या दिवशी एकही शंका आली नाही. आनंद झाला होता ना.

४

रस्त्याकडचा बांध भरला, नळ्या बदलल्या. घर पुन्हा शांत झालं. आणि एका दुपारी सर पडवीतून उठून साखरेच्या मोहिमेवर निघाले, तर मधल्या खोलीत अंधारून आलं होतं.

ढग असेल म्हणून ते थांबले. फडताळातली एक वाटी दुसरीला लागून हलकेच किणकिणली. खिडकीबाहेर बाग होती, बागेवर लख्ख ऊन होतं. सावली फक्त खोलीत होती. फरशीवरून ती उजवीकडून डावीकडे सरकत होती, अगदी सावकाश. खाटेवर महानंदाबाई झोपल्या होत्या. सावली त्यांच्या पायांवरून वर गेली.

मग लख्ख झालं. बाईंनी डोळे उघडले. "काय बघताय? साखर वरच्या फळीवर ठेवलीय."

सरांनी स्वतःची समजूत काढली. पवनचक्कीचीच सावली असणार, दुसरं काय? पण चक्क्या पूर्वेला होत्या, आणि दुपारी ऊन पश्चिमेचं. बरं, डोळा म्हणावा तर मोतीबिंदू नुकताच काढलेला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते खुर्ची घेऊन मधल्या खोलीतच बसले. सावली आली. सर गुडघे टेकून फरशीवर वाकले आणि तिची कड बघू लागले. वस्तू लांब असेल तर सावलीची कड विरलेली असते, जवळ असेल तर रेखीव. उभ्या आयुष्यात त्यांनी नक्की म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट मिळवली होती.

कड सुरीनं कापावी तशी रेखीव होती. जे काही जात होतं ते खिडकीला चिकटून जात होतं.

सरांनी हात लांब करून खिडकी लावून घेतली. मग आपण हे का केलं ते त्यांना कळेना, कारण सावली तशीच सरकत राहिली.

५

"सर, माझ्या शेरड्यांना येड लागलंय," मौलाली सांगत आला. "तुमच्या घरामागनं पाण्याला न्यायची वाट हाय न्हवं? दुपारच्याला तितं येऊन थांबत्यात. एक पाऊल पुढं टाकत न्हाईत. रेल्वेचं फाटक पडल्यागत ओळीनं हुब्या. म्होरं काय न्हाय, काय न्हाय! मग आपली आपणच चालाय लागत्यात."

"किती वेळ थांबतात?"

"आदी घडीभर थांबायच्या. आता माझी बिडी सपती तरी हालत न्हाईत."

सावली रोज जरा जास्त वेळ घेते हे सरांच्याही ध्यानात आलं होतं. ते त्यांनी मनातल्या मनात नाकारलंही होतं, कारण सावलीला वस्तू लागते, हे ते आयुष्यभर पहिल्याच तासाला शिकवत आले होते.

"दुसऱ्या डोळ्याचापन मोतीबिंदू काढून टाका सर," जाताना मौलाली म्हणाला. "लई उतरलाय चेहरा. आन् वैनी कुटंयत? मला शिव्या द्यायला आल्या न्हाईत त्या आज."

वैनी झोपल्या होत्या. आताशा त्या झोपायच्याच. आधी चहाच्या वेळेला उठायच्या, मग दिवेलागणीला उठू लागल्या. उठल्या तरी कुठून तरी लांबून आल्यासारख्या बघायच्या. अर्धी भाकरी खायच्या आणि ताट सरकवायच्या. सांगोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला आणि काही नाही म्हणाले. सोलापूरला मुलाकडे जाऊ म्हटलं तर बाई म्हणाल्या, "थांबा की जरा. जाऊ दे आधी."

"काय जाऊ दे?"

तोवर त्यांचा डोळा पुन्हा लागला होता.

सरांनी खाट पडवीत हलवून बघितली. दुसऱ्या दिवशी सावली पडवीत आली. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. सावलीत तो विहिरीच्या पाण्यासारखा गार लागला. बाई डोळे मिटूनच पुटपुटल्या, "अजून जातंय हो." त्यांचा श्वास सावलीच्या चालीनं चालला होता. सरांना वाटलं, ही वरून जाणारी गोष्ट रोज हिला थोडी थोडी ओढून नेतेय. जनावरांच्या कळपात सापडलेलं माणूस जसं न चालताच पुढं सरकतं, तशी.

खाट पुन्हा मधल्या खोलीत नेऊन त्यांनी शिवराजला फोन लावला.

"ट्रेलर? सर, आमचं काम केव्हाच संपलं. शेवटचं पातं त्याच दिवशी माळावर पोचलं. चक्की फिरतेय की. काही नुकसान राहिलं का सर?"

"आणि तो माणूस? ईरप्पा? मागून चालायचा तो?"

"तो त्या दिवशी निघाला ट्रेलरमागंच, पण माळावर पोचलाच नाही सर. कंत्राटी माणसं असतात, मधेच गावाला निघून जातात. का, सर?"

"काही नाही," सर म्हणाले. "आमच्याकडे पाणी प्यायचा."

६

मागच्या दारात सर सहसा जात नसत. तो बाईंचा इलाखा. फोन ठेवल्यावर ते गेले. उंबऱ्याबाहेर, जिथं बाई तांब्या घेऊन उभ्या राहायच्या त्याच्या समोरच्या मातीत, चपलांचे दोन ठसे होते. घराकडे तोंड करून. माती वाऱ्यानं रोज उडत होती, ठसे ताजे होते. येतानाचं पाऊल नव्हतं, जातानाचंही नव्हतं. कुणीतरी नुसतं उभं होतं. पुष्कळ वेळ उभं असावं, कारण टाचा खोल गेल्या होत्या.

सर उंबऱ्यावर बसले. त्यांना त्या दिवसाचा क्रम आठवू लागला, आणि आठवावा तसा त्यातला एकेक दुवा जागेवर बसू लागला. त्या दिवशी बाई तापानं पडून. मागच्या दारात कोणीच नाही. ईरप्पा नेहमीसारखा येऊन थांबला असणार. आत हाक मारायचीही त्याची रीत नव्हती. पलीकडे ट्रेलर बांधाबाहेर पडला. आणि सरांनी शिरी ओढली.

म्हणजे काय? शिरी उचलून जाता येत नाही का धडधाकट माणसाला? पीएचडी झालेला माणूस बायकोच्या आजारावर असला इलाज शोधतो? सरांनी स्वतःला हे सगळं विचारलं. पण आतल्या खोलीत महानंदाबाई चहाची वेळ व्हायच्या आतच झोपल्या होत्या, आणि त्यांच्या उशाशी सकाळची अर्धी भाकरी तशीच होती.

"आप्पा," सर कधीही न पाहिलेल्या सासऱ्याला म्हणाले, "चुकलं."

ते उठले आणि माळाकडच्या खिंडारापाशी गेले. दगड बाजूला केले. वाळलेल्या शिरीचे काटे बांधताना लागले त्यापेक्षा जास्त लागले. त्यांनी ती ओढत ओढत पार लिंबाखाली नेऊन टाकली. वाट मोकळी झाली. मौलाली बघता तर म्हणाला असता, सर, वहिवाट कायमची दिलीसा की!

मग त्यांनी तांब्या भरला आणि मागच्या दारात, बाईंच्या जागेवर उभे राहिले.

७

आधी भांडी वाजली. मग घरात अंधारून आलं. बाहेर ऊन होतं, पण त्यांच्या पाठीमागं, स्वयंपाकघरातून मधल्या खोलीपर्यंत, काहीतरी लांबच लांब सरकत होतं. सरांनी मागं बघितलं नाही. खोलीतून बाईंच्या श्वासाचा आवाज येत होता. तो मंद होत गेला, आणखी मंद झाला, आणि सरांना वाटलं की आता आपण तांब्या टाकून आत पळणार.

"नीर कुडी, तम्मा," ते म्हणाले. उच्चार चुकला असावा. बाई नेहमी हसायच्या त्यांच्या कानडीला.

समोर कोणी नव्हतं. पण त्यांच्या डाव्या हातात कोणीतरी काहीतरी दिलं. कापड. घामानं ओलं, उन्हानं तापलेलं. सरांनी ते धरलं, कारण दिलेली वस्तू धरायची असते. उजव्या हातानं तांब्या कलंडला. पाण्याची धार खाली गेली, आणि कमरेएवढ्या उंचीवर नाहीशी झाली. मातीवर थेंब पडला नाही. सर ओतत राहिले. तांब्या केव्हाच रिता व्हायला हवा होता. धार सुरूच होती, आणि तहानलेलं माणूस घोटाघोटाला करतं तसा आवाज येत होता. शेवटी शेवटी सरांना फक्त डोक्याचा मागचा भाग दिसला. वाकलेला, धुळीनं पांढरा झालेला, ओंजळीवर झुकलेला. तेवढंच. त्यांनी मान वळवली. वर येणारा चेहरा बघायची त्यांना गरज वाटली नाही.

धार संपली. ठशांच्या पुढं एक पाऊल उमटलं, मग दुसरं. ती पावलं माळाकडे निघाली, सावकाश नव्हे, पळत. मागं राहिलेला माणूस पुढच्याला गाठायला पळतो तशी.

"अरे, फडकं!" सर ओरडले.

पावलं थांबली नाहीत. खिंडारापलीकडे माळावर एवढीशी धूळ उठली आणि बसली.

घरात लख्ख उजेड पडला होता.

"अहो," आतून आवाज आला. "चहाची वेळ टळून गेली की! मला उठवायचं नाही का?"

८

त्या दिवशी महानंदाबाईंनी दीड भाकरी खाल्ली आणि ठेच्याबद्दल तक्रार केली. आठवड्याभरात त्या मौलालीला शिव्या द्यायला बांधावर गेल्या. तो म्हणाला, "आल्या बगा! सर, आता रेडिओची गरज न्हाय." शेरड्या आता थांबत नव्हत्या. मधल्या खोलीत दुपारी फक्त खिडकीच्या गजांची सावली पडायची, आणि ती सूर्याच्या चालीनं सरकायची. सरांनी तिची कड तपासली होती. नीट होती.

फडकं त्यांनी मागच्या दारामागच्या खुंटीवर, जुन्या छत्रीखाली टांगलं होतं. बाईंनी पाहिलं तर पोतेरं करतील म्हणून. त्याबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. फडकं ज्याच्या हातात तो मागचा, आणि मागचा पार झाल्याशिवाय काही पार झालं असं म्हणत नाहीत. एवढं समजायला पीएचडी लागत नाही. कधी कधी चहाच्या वेळी ते छत्रीखाली हात घालून बघायचे. कापड अजून ओलं आणि गरम असायचं. आणि माळाकडून, अगदी लांबून, काहीतरी थांबून वाट बघत असल्यासारखं वाटायचं. घाई नव्हती त्याला. सरांनाही नव्हती.

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गॅस न तपासता झोपायला सुरुवात केली होती. महानंदाबाईंना ह्याची काळजी वाटे.

आज पडवीत ऊन कललं होतं. महानंदाबाई कपबशा घेऊन आल्या. सरांच्या कपात साखर होती, पूर्ण चमचा, त्यांनीच घातलेली.

"हे काय?" सर म्हणाले. "आज चोरी नाही?"

"रोज काय चोरायचं? प्या." त्या शेजारी टेकल्या. "मौलालीभाऊ विचारत होते. माळाकडचं खिंडार अजून उघडंच ठेवलंय म्हणे सरांनी. ऊस का आहे आपल्याकडे, अकलूजवाल्यांसारखी बैलगाडी न्यायला? शिरी लावून टाका की."

सरांनी चहाचा घोट घेतला. जरा जास्तच गोड झाला होता. त्यांनी दुसरा घोट घेतला, सावकाश.

"असू दे अजून थोडे दिवस," ते म्हणाले. "एक जण जायचा राहिलाय."